अंगणातील काळा थेंब
जुन्या अँबेसिडरच्या इंजिनातील तेलगळती : निदान आणि घरगुती उपाय

सकाळी गाडी मागे घ्यावी आणि ती जिथे रात्रभर उभी होती त्या फरशीवर रुपयाएवढा काळा, चकचकीत डाग दिसावा, हा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्या घरांना नवा नाही. प्रथम त्यावर माती टाकली जाते, मग पुठ्ठा अंथरला जातो, पुढे पुठ्ठ्याची जागा पत्र्याचा ट्रे घेतो. डाग मात्र वाढतच राहतो. एके दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली जाते. तेथे गाडीखाली दिवा धरून एक नजर टाकली जाते आणि निकाल ऐकवला जातो : ‘मागचे सील गेले. इंजिन उतरवावे लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून घरी विचारविनिमय सुरू होतो. वडिलांनी हौसेने घेतलेली, मुलींच्या लग्नात फुलांनी सजलेली, तीन पिढ्यांना पंढरपूर-तुळजापूर घडवून आणलेली गाडी आता भंगारात द्यावी काय, असा प्रश्न कोणीतरी दबक्या आवाजात विचारतो.

अशा वेळी घाईने निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेणे हिताचे ठरते. जुन्या अँबेसिडरच्या बाबतीत ‘मागचे सील गेले’ हे निदान अनेकदा अपुरे असते आणि कधीकधी पूर्णतः चुकीचे. तेल जिथून ठिबकते तिथूनच ते गळत असते असे नाही. पुष्कळदा गळतीचे मूळ दीड-दोन फूट वर आणि पुढे असते आणि त्यावरचा उपाय म्हणजे बुचाच्या सालीची, अर्थात कॉर्कची, एक साधी पट्टी. ती बदलण्यास इंजिन उतरवावे लागत नाही. सुटीचे दोन दिवस, चार पाने आणि भरपूर सबुरी एवढ्या भांडवलावर हे काम घरच्या अंगणात होऊ शकते.

जुने यंत्र, जुनी रीत

कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत अँबेसिडरचे उत्पादन झाले. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवर ती आधारलेली होती. सुरुवातीचा थोडा काळ वगळता कित्येक वर्षे या गाडीच्या पेट्रोल रूपात जे इंजिन होते ते १४८९ सी.सी. क्षमतेचे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील. याच कुळातील इंजिने एमजीए आणि एमजीबी या नामांकित ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांतही बसवली गेली. १९९० च्या दशकात अँबेसिडरला इसुझू कंपनीच्या रचनेचे इंजिन मिळाले. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो १४८९ सी.सी.च्या जुन्या इंजिनाचा.

या इंजिनाचा मूळ आराखडा १९४० च्या दशकातील आहे. बिडाच्या ओतीव ठोकळ्यावर दाबून घडवलेल्या पत्र्याची झाकणे आणि दोहोंच्या मध्ये कॉर्कची पट्टी, अशी त्या काळातील सर्वमान्य रीत होती. या पट्टीला आपल्याकडील गॅरेजांत ‘पॅकिंग’ म्हणतात. कॉर्क मऊ असते, दाबले की पत्रा आणि बीड यांतील बारीक उंचसखल भाग भरून काढते आणि तेलाची वाट अडवते. मात्र वर्षानुवर्षे उष्णता सोसून ते कडक होते, आकसते आणि शेवटी बिस्किटासारखे तुटते. गाडी रोज चालत असेल तर पॅकिंग निदान तेलाने भिजलेले राहते. सहा-सहा महिने झाकून ठेवलेल्या गाडीत ते कोरडे पडते. ‘गाडी वापरतच नाही, तरी गळते कशी?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा न वापरण्यातच दडलेले असते.

दुसरे कारण मानवी आहे. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळावा, ही स्वाभाविक प्रवृत्ती. पत्र्याचे झाकण जास्त आवळले की बोल्टभोवतीचा भाग आत दबतो, कडा मात्र वर उचलल्या जातात आणि फट वाढते. मग पुन्हा गळती आणि पुन्हा आवळणे. अति तेथे माती ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

मागच्या सीलचे खरे स्वरूप

या इंजिनाच्या मागच्या टोकास, म्हणजे क्रँकशाफ्ट जिथे फ्लायव्हीलला जोडला जातो तिथे, आजच्या गाड्यांत असते तसे रबरी सील मुळात नाहीच. तिथे शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखी उलटी खाच कोरलेली असते. शाफ्ट फिरू लागला की या आट्या बाहेर येऊ पाहणारे तेल पुन्हा आत ढकलतात. रचना कल्पक आहे. पण ती काम करते ती शाफ्ट फिरत असेपर्यंतच. इंजिन बंद झाले की आट्यांमध्ये उरलेले थोडे तेल सावकाश बाहेर उतरते. म्हणूनच फेरफटका मारून आलेल्या सुदृढ अँबेसिडरखालीही एखाद-दुसरा थेंब पडू शकतो. तो रोग म्हणता येत नाही, तो त्या रचनेचा स्वभाव होय.

प्रश्न उद्भवतो तो या थेंबांची धार होऊ लागली म्हणजे. आणि येथेच निदानात चूक होते. इंजिनाच्या वरच्या भागातून गळलेले तेल ठोकळ्याच्या अंगावरून खाली ओघळते. गाडी चालताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो. अखेरीस ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी जमते आणि तेथून टपकते. गाडीखालून पाहणाऱ्यास ते मागच्या सीलचेच वाटते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते ती इथेच.

आधी स्वच्छता, मग शोध

गळतीचा शोध मळलेल्या इंजिनावर लागत नाही. पहिली पायरी म्हणजे संपूर्ण इंजिन धुऊन कोरडे करणे. इंजिन पूर्ण थंड असताना बाजारात मिळणारे डिग्रीझर आणि जुना ब्रश वापरून वर्षांचा चिकट थर काढून टाकावा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी आधी बांधून घ्यावे. पेट्रोलने इंजिन धुण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते ती सर्वथा टाळावी. एखादी ठिणगी होत्याचे नव्हते करू शकते.

इंजिन कोरडे झाले की संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर हलकेच भुरभुरावी. मग दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून गरम करावे, बंद करावे आणि विजेरी घेऊन वरून खाली या क्रमाने पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ स्पष्ट उमटते. सर्वांत वरची ओली जागा हीच गळतीची खरी जागा. तिच्या खालचे सर्व ओघळ गौण समजावेत. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून त्यावर चारही चाकांच्या जागा आणि इंजिनाचे पुढचे टोक पेन्सिलीने खुणावून ठेवल्यास थेंब कोणत्या भागाखाली पडतात, याची रोजची नोंदही मिळते.

गळणारा पदार्थ इंजिन ऑईलच आहे याचीही खात्री करून घ्यावी. ब्रेकचे तेल पातळ असते आणि रंगावर पडले तर रंग उतरवते. गिअर ऑईल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र दर्प येतो. रेडिएटरचे पाणी बोटांना बुळबुळीत लागत नाही. ब्रेकचे तेल गळत असेल तर बाकीची सर्व कामे बाजूला ठेवून आधी तेवढेच दुरुस्त करणे अगत्याचे आहे.

गळतीचे परिमाणही समजून घ्यावे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. रात्रीतून दहा थेंब पडले तर अर्धा मिलिलिटर तेल गेले. फरशीवर हा डाग भयंकर दिसत असला तरी सुमारे चार लिटर तेल सामावणाऱ्या इंजिनास त्याची झळ लागत नाही. खरी कसोटी आहे ती चालत्या गाडीची. डिपस्टिकवरील पातळी सपाट जागी, थंड इंजिनात पाहून लिहून ठेवावी आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा पाहावी. थेंबे थेंबे तळे साचे, तसे थेंबे थेंबे तळे आटतेही. फरक एवढाच की ते किती दिवसांत आटते, हे या नोंदीवरून कळते.

दाबाखालची गळती आणि ओघळती गळती

घरगुती दुरुस्ती करणाऱ्याने दोन प्रकारच्या गळतींमध्ये फरक करावयास शिकले पाहिजे. एक, जिथे तेल पंपाच्या दाबाखाली असते तेथील. आणि दुसरी, जिथे ते केवळ उडते वा ओघळते तेथील.

ऑईल फिल्टर, त्याकडे जाणारी नळी आणि डॅशबोर्डवरील दाबमापकाकडे जाणारी बारीक नळी ही दाबाखालची ठिकाणे. येथील गळती धोक्याची असते. एखादी नळी तडकली वा फिल्टरचे रबरी कडे निसटले तर चालत्या गाडीतील तेल काही मिनिटांत रस्त्यावर सांडते. तेलाविना बेअरिंगे जळतात आणि मग खरोखरच इंजिन उतरवावे लागते. तेच तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर उडाले तर आग लागण्याची भीती असते. तेलाच्या दाबाचा काटा अचानक पडला किंवा लाल दिवा लागला तर ‘घर जवळच आहे’ असे न म्हणता गाडी तत्क्षणी बाजूला घेऊन बंद करावी.

ज्या इंजिनात डब्याचा फिल्टर आहे, त्यात एक चूक वारंवार घडते. फिल्टर बदलताना वरच्या खाचेत चिकटून बसलेले जुने रबरी कडे तसेच राहते आणि त्यावर नवे बसवले जाते. दोन कडी एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि दाब येताच तेल उसळते. जुने कडे टोकदार दाभणाने, खाचेला ओरखडा न पडेल अशा बेताने काढल्याखेरीज नवे बसवू नये. चेंबरच्या तळाशी असलेल्या ड्रेन बोल्टखालील तांब्याचा वॉशरही दर वेळी नवा असावा.

याउलट रॉकर कव्हर, बाजूची झाकणे आणि चेंबर या ठिकाणी तेल दाबाखाली नसते. येथील गळती संथ असते, सवड देते आणि घरी दुरुस्त होण्याजोगी असते.

श्वास कोंडलेले इंजिन

नवे पॅकिंग आणण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी, कारण ती करण्यास एक पैसाही लागत नाही. पिस्टनच्या कड्यांमधून थोडा वायू नेहमीच खाली उतरत असतो. तो बाहेर जाण्यासाठी या इंजिनाच्या बाजूच्या पुढील झाकणास एक नळी जोडलेली असते. वरच्या रॉकर कव्हरवरूनही एक रबरी नळी हवेच्या गाळणीकडे जाते. या नळ्या काजळीने तुंबल्या की आतील वायूस वाट मिळत नाही. दाब वाढतो आणि तेल प्रत्येक सांध्यातून, मागच्या आट्यांतूनही, बाहेर ढकलले जाते. अशा इंजिनास कितीही नवी पॅकिंगे बसवली तरी गुण येत नाही. नळ्या काढून, रॉकेलमध्ये भिजवून, तारेने साफ केल्यावर काही गाड्यांची गळती तेवढ्यानेच निम्म्यावर येते.

नळ्या मोकळ्या असूनही गरम इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून धुराचे जोरदार फुत्कार येत असतील, तर पिस्टनची कडी झिजली आहेत असे समजावे. ते दुखणे निराळे आणि मोठे आहे. त्यावर कॉर्कची मात्रा चालणार नाही.

दोन झाकणांची कथा

आता मुख्य कामाकडे वळू. चालकाच्या आसनावरून पाहता इंजिनाच्या डाव्या अंगास, मॅनिफोल्डच्या आड, पत्र्याची दोन आयताकृती झाकणे असतात. त्यांच्या मागे टॅपेट असतात. गॅरेजच्या बोलीत ‘टॅपेट कव्हर’ हे नाव पुष्कळदा वरच्या रॉकर कव्हरला दिले जाते, म्हणून सुटे भाग घेताना ‘साइड कव्हरचे पॅकिंग’ असे स्पष्ट सांगावे, किंवा जुने पॅकिंगच सोबत न्यावे. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मलिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट येथील दुकानांच्या वाऱ्या करणाऱ्यांस नमुना सोबत नेण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

ही दोन झाकणे दृष्टीआड असतात, सायलेन्सरच्या उष्णतेशेजारी असतात आणि हात पोहोचण्यास अवघड असतात. त्यामुळे वर्षानुवर्षे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. त्यांतही मागचे झाकण अधिक दुर्लक्षित. त्यातून निघालेला ओघळ थेट गिअरबॉक्सच्या सांध्याकडे जातो आणि बिचाऱ्या मागच्या सीलवर आळ येतो.

कामाच्या आदल्या रात्री मॅनिफोल्डच्या नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. हे नट वर्षानुवर्षे तापून घट्ट बसलेले असतात. घाईने पाना ओढला की स्टड मोडतो आणि दोन दिवसांचे काम दोन आठवड्यांवर जाते. पाने इंची मापाचे हवेत. घरात असलेला १३ मिलिमीटरचा पाना अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या, बोल्टवर बसल्यासारखा वाटतो. पण जोर लावताच तो निसटतो आणि बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो.

दुसऱ्या दिवशी बॅटरीची जोडणी काढून कामास आरंभ करावा. हवेची गाळणी, कार्ब्युरेटरच्या तारा व नळ्या, कार्ब्युरेटर आणि मग मॅनिफोल्ड, असा उतरवण्याचा क्रम असतो. प्रत्येक वस्तू सुटी करण्यापूर्वी मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवावेत. पेट्रोलच्या नळीचे तोंड बंद करण्यास विसरू नये. जुन्या गाड्यांच्या मॅनिफोल्ड पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडून त्याची धूळ उडवू नये. पाण्याने ओले करून, तोंडावर योग्य मास्क बांधून काढावे आणि पिशवीत बंद करावे.

मॅनिफोल्ड निघाला की झाकणे समोर येतात. प्रत्येक झाकण मधोमध एकाच बोल्टने धरलेले असते. म्हणजे तो एक बोल्ट जास्त आवळल्याने सगळे झाकण वाकडे होते, हे उघडच आहे. झाकण काढल्यावर आत टॅपेट आणि पुशरॉड दिसतात. जुन्या कॉर्कचा एक तुकडाही आत पडू देऊ नये. उघड्या तोंडात स्वच्छ फडके बसवून मगच ठोकळ्याची कड खरवडावी आणि शेवटी ते फडके आठवणीने काढून घ्यावे.

काढलेले झाकण रॉकेलने धुऊन सपाट काचेवर ठेवावे. काच आणि कड यांच्यामध्ये प्रकाश दिसत असेल तर झाकण वाकलेले आहे. लाकडी ठोकळ्यावर उलटे ठेवून हलक्या हातोडीने त्याची कड सरळ करावी आणि पुन्हा काचेवर पाहावी. सगळ्या कामात हा भाग सर्वांत कंटाळवाणा, परंतु यशापयश ठरते ते इथेच. वाकड्या झाकणावर बसवलेले नवे पॅकिंग म्हणजे भिंतीची भेग तशीच ठेवून वरून दिलेला रंगाचा हात.

नवे कॉर्क दुकानात पडून पडून आकसले असेल तर ते थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावे. ते फुलून मापात येते. कोरडे झाल्यावर झाकणाच्या बाजूस शेलॅकचा पातळ हात देऊन ते चिकटवावे आणि सपाट वजनाखाली रात्रभर ठेवावे. ठोकळ्याकडची बाजू कोरडी वा किंचित ग्रीस लावलेली असावी, म्हणजे पुढच्या वेळी झाकण सहज निघेल. सिलिकॉनचा जाड थर देण्याचा मोह आवरावा. आत दाबला गेलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून चेंबरमध्ये पडला तर तेलपंपाची जाळी तुंबवू शकतो. आणि मग गळती थांबवण्याच्या नादात इंजिनच उपाशी राहते.

झाकण जागेवर ठेवून बोल्ट हाताने बसवावा. आखूड पाना घेऊन, मनगटाच्या हलक्या जोराने, कॉर्क किंचित फुगलेले दिसेपर्यंतच आवळावे. कॉर्क कडेने बाहेर येऊ लागले तर मर्यादा ओलांडली असे समजावे. बोल्टखालचा वॉशरही नवा घालावा, कारण तेथूनही तेल पाझरते. हाच नियम वरच्या रॉकर कव्हरलाही लागू आहे. ते दोन नटांवर बसते आणि त्या नटांखालील रबरी बुश कडक झाले असतील तर तेही बदलावे लागतात.

मॅनिफोल्ड नव्या पॅकिंगसह पुन्हा चढवून, सर्व जोडण्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर इंजिन सुरू करावे. ते गरम होऊन पुन्हा थंड झाले की झाकणांचे बोल्ट एकदा हाताने चाचपून पाहावेत. सैल वाटले तरच अगदी थोडे आवळावेत.

गाडीखाली जाण्यापूर्वी

फिल्टर, ड्रेन बोल्ट किंवा चेंबर पाहण्यासाठी गाडीखाली जावे लागते. येथे प्रश्न गाडीचा राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, उचलून धरण्याचे नव्हे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, डोके घालू नये. जमीन कडक व सपाट असावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गाडीचा भार मजबूत लोखंडी स्टँडवर, चॅसिसच्या भक्कम भागाखाली घ्यावा. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे एकाएकी फुटतात. त्यांवर विसंबू नये. गाडी स्टँडवर घेतल्यावर बाहेर उभे राहून ती हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. घरात दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असावे. मुलांना दूर ठेवावे.

कोठे थांबावे

चेंबरचे पॅकिंग घरी बदलता येते, परंतु त्याच्या दोन टोकांच्या कमानी भागातील कॉर्क नीट बसवणे हे सरावाचे काम आहे. पुढच्या टोकाचे, क्रँक पुलीमागचे सील बदलण्यास पुली उतरवावी लागते. अनुभवी हात शेजारी असेल तरच त्यास हात घालावा. आणि बाजूची झाकणे, रॉकर कव्हर, श्वासनळ्या, फिल्टर हे सारे निर्दोष करूनही गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल वाहतच राहिले आणि क्लच घसरू लागला, तर मात्र दोष मागच्या आट्यांचा वा तेथील बेअरिंगच्या झिजेचा मानावा लागतो. हे काम गॅरेजचेच. फरक इतकाच की आता ‘इंजिन उतरवावे लागेल’ हे वाक्य अंदाज राहिलेले नसते. ते पुराव्यानिशी सिद्ध झालेले असते आणि त्यावरचा खर्च डोळसपणे केलेला असतो.

तेलाची निवडही विचारपूर्वक करावी. आधुनिक गाड्यांसाठीचे अतिपातळ तेल या इंजिनाच्या मोकळ्या सांध्यांतून लवकर वाट काढते. अशा जुन्या इंजिनांत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० प्रतीचे तेल सामान्यतः वापरले जाते. गळती थांबवण्यासाठी त्याहून दाट तेल घालण्याचा उपाय मात्र फसवा आहे. थंडीच्या सकाळी ते बेअरिंगांपर्यंत पोहोचण्यास उशीर लावते.

काढलेले जुने तेल गटारात वा झाडाच्या आळ्यात ओतणे हा अपराधच मानला पाहिजे. वापरलेल्या तेलाची गणना केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात होते. झाकणबंद डब्यात साठवून ते पुनर्प्रक्रियेसाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. फरशीवर सांडलेले तेल लाकडाच्या भुशाने टिपून घ्यावे.

जपण्याजोगा वारसा

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर व्यावहारिक आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम जाहीर केले. नव्या नोंदणीस वीस हजार आणि नूतनीकरणास पाच हजार रुपये शुल्क, ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नंबरप्लेट आणि वाहन मूळ स्वरूपात राखल्याची अट, असे त्याचे स्वरूप होते. अशी वाहने रोजच्या वा व्यापारी वापरासाठी नसून प्रदर्शने, फेऱ्या, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावयाची असतात. मूळ इंजिन टिकवण्याचे मोल यातून ध्यानात येते. एका साध्या वस्तूकडे दुर्लक्ष होऊन इंजिन जळाले आणि त्याजागी दुसरेच बसवावे लागले, तर मूळपणाचा हा दावा कायमचा दुबळा होतो.

दुसरे उत्तर हिशेबात बसणारे नाही. अँबेसिडरचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. या गाड्यांचा नुसता आवाज ऐकून दुखणे ओळखणारे मिस्त्री आता थकले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले नव्या, संगणकाने चालणाऱ्या गाड्यांकडे वळली आहेत, ते योग्यही आहे. अशा काळात ज्या घरात ही गाडी उभी आहे, त्या घरातील कोणीतरी तिची नाडी ओळखण्यास शिकले पाहिजे. बाप-लेक, सासरे-सून, आजोबा-नात अशा जोड्या बोनेटखाली वाकून एकत्र काम करतात, तेव्हा कॉर्कच्या पट्टीबरोबर आणखीही काही जागच्या जागी बसत असते.

रविवारी संध्याकाळी दुरुस्त गाडी एक लहानशी चक्कर मारून अंगणात परत येते. तिच्याखाली कोरे वर्तमानपत्र अंथरले जाते. सोमवारी सकाळी चहापूर्वीच घरातील दोघे-तिघे वाकून पाहतात. कागदाच्या मागच्या बाजूस एकच थेंब पडलेला असतो. मागच्या आट्यांनी आपला स्वभाव सोडलेला नसतो. पण डागाचा ट्रे आता लागणार नसतो, आणि भंगाराचा विषय त्या घरात पुन्हा निघत नाही.